रिकामी चढाई

“सर, घ्या ना. ताजे बोंबील आहेत, आईनं सकाळीच तळून दिलेत,” नेत्रा वैतीने डबा पुढे केला.

“आज माझा उपवास आहे,” जयवंत तावडे म्हणाला.

“बुधवारी?” प्रांजलने तोंडातला बोंबील गिळायच्या आधीच विचारलं. “सर, मागच्या बुधवारी तुम्ही आमच्यासमोर आम्लेट-पाव खाल्लात!”

पोरी खिदळल्या. जयवंतने मान फिरवली. मालवणी माणूस कुरकुरीत बोंबलाला नाही म्हणतो, तेव्हा त्याच्या पोटात किती दुखत असेल याची कल्पना कुणालाही करता येईल. दुखत होतंच. सराव संपला की या पोरींना शेंगदाणे-गूळ तो आणायचा, आणि एवढ्याशा पुडीसाठी त्यांची भांडणं व्हायची. आता पुडी पिशवीतच राहायची आणि पोरी त्या डब्यावर तुटून पडायच्या.

नाहूरच्या त्या कॉलेजात मुलींची कबड्डी उभी केली ती जयवंतने. दिवसभर पालिकेच्या पंपावर ड्यूटी, संध्याकाळी मैदान. प्रांजल त्याला गल्लीत लंगडी खेळताना सापडली होती. तिला बोनसची चढाई त्यानेच शिकवली. समोर सहा-सात जणी उभ्या असताना बोनसच्या रेषेपलीकडे एक पाय टाकायचा, दुसरा हवेत उचलायचा, गुण घ्यायचा आणि सटकायचं. योग्य क्षणी बाहेरून जयवंत ओरडायचा, “जा पोरी!” आणि पोर जायची. “माझी पोर हात हलवत परत येत नाही,” असं तो चहाच्या टपरीवर छाती फुगवून सांगायचा.

या जूनमध्ये कॉलेजात मॅट आली आणि मॅटच्या मागोमाग नवी कोच म्हणून नेत्रा आली. मानखुर्दकडच्या कोळ्यांची पोर, राज्याकडून खेळलेली, प्रशिक्षणाचा रीतसर कोर्स केलेली. जयवंतला ‘सल्लागार’ म्हणून प्लास्टिकची खुर्ची मिळाली. सल्ला मात्र कुणी मागितला नाही.

मोसमातली पहिलीच मॅच पोरी हरल्या. त्या संध्याकाळी जयवंत घरी जिलबी घेऊन गेला.

“ही कसली ओ जिलबी?” सगुणाने, त्याच्या बायकोने विचारलं.

“कालचां चेडू माका कबड्डी शिकयतलां! पडलां तोंडार!”

“अवो, पण हरली ती तुमचीच चेडवां ना? मगे जिलबी कसली?”

 जयवंतने जिलबी एकट्याने संपवली.

पुढे गोड खायची वेळ आली नाही. टीम जिंकत सुटली. घाटकोपरला जिंकली, चेंबूरला जिंकली, आणि दर विजयागणिक जयवंतचं तोंड कडू होत गेलं. नेत्राने पोरींच्या पकडी पक्क्या करून घेतल्या होत्या. पण त्याला सगळ्यात झोंबलं ते वेगळंच.

“दरवेळी पॉइंट आणलाच पाहिजे असं कोण म्हणतं गं?” एकदा ती प्रांजलला सांगत होती. “कधीकधी बोनसच्या अलीकडची निदानरेषा नुसती ओलांड आणि सुखरूप परत ये. तू खेळात राहिलीस तर टीम राहील.”

“हो ताई,” प्रांजल म्हणाली.

जयवंतच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याची वाघीण, आणि तिला रिकाम्या हाताने परत यायला शिकवत होती ही बाई! खुसपट काढायला जागाही नव्हती. कारण नेत्राचं बरोबर होतं. ते त्याला कळत होतं आणि म्हणूनच जास्त जळत होतं. ती खेळात कच्ची असती तर त्याने तिच्यावर मायासुद्धा केली असती.

फायनल मुलुंडला होती. शेवटच्या मिनिटाला दोन्ही टीमचे गुण सारखे झाले आणि शेवटची चढाई नाहूरच्या पोरींकडे आली. नेत्राने टाइम-आउट घेतला.

“प्रांजल, बोनस नको. समोरच्या पोरी बोनसचीच वाट बघतायत. रिकामी परत ये. मग टायब्रेकर. तिथे त्यांची वाट लावू, आपल्या पकडी भारी आहेत. कळलं ना?”

“हो ताई.”

जयवंत मागेच खुर्चीत होता. त्याने सगळं ऐकलं आणि त्यालाही ते पटलं. पण निघताना प्रांजलने एकदा नेत्राकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं नाही.

प्रांजल दम घुमवत आत गेली. निदानरेषा ओलांडून झाली. आता फक्त मागे फिरायचं होतं. तिने पाऊल मागे घेतलंही.

“जा पोरी!”

तो आवाज आपल्याच गळ्यातून निघाला, हे जयवंतला तो निघताना नीट ठाऊक होतं. प्रांजल क्षणभर अडखळली, आणि वळली. ताईचं सांगणं विसरून, इतक्या वर्षांच्या सवयीने तिचा पाय बोनसच्या रेषेकडे झेपावला. ती माझी आहे, असं जयवंतच्या मनात आलं, आणि तेवढा एक क्षण त्याला अतिशय सुख झालं. रेषा गाठायच्या आत कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला. बाकीच्या अंगावर कोसळल्या. पंचांनी शिट्टी फुंकली. मॅच गेली.

बाहेर आल्यावर नेत्राने तिचे खांदे धरले. “अगं, परत येत होतीस ना तू? या गलक्यात कोण ओरडलं?”

जयवंत खुर्चीत ताठ बसला. दोन शब्द पुरले असते. 

“कुणी नाही ताई,” प्रांजल म्हणाली. रडू तिने ओठांतच दाबलं होतं. “मलाच हाव सुटली.”

“खरं सांगतेस?”

“खरंच. माझीच चूक. सॉरी.”

नेत्राने एकदा जयवंतकडे पाहिलं आणि प्रांजलला जवळ घेतलं.

मॅच जिंको वा हरो, मोसम संपला की पोरींनी गुरूच्या पाया पडायचं, अशी त्या टीमची रीत होती. नेत्राने सगळ्यांना आधी सरांकडे जायला सांगितलं. सगळ्यांत पुढे प्रांजल आली. घोट्याला बर्फ बांधलेला, लंगडत. ती वाकली तसे जयवंतने दोन्ही पाय चटकन खुर्चीखाली ओढून घेतले.

तिने वर पाहिलं नाही. पाय होते त्या जागी, लादीवर तिने हात टेकले, ते कपाळाला लावले, आणि मागच्या मुलीला वाट करून दिली.