मेथीच्या वाफ्यातलं वाण

मित्रांनो, मी एक जुनं खुरपं आहे, आणि सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही. नांदुऱ्याच्या लोहाराने ट्रकच्या मोडक्या पाट्यातून मला घडवलं, बाभळीची मूठ बसवली आणि सुभद्राबाईंनी मला अमडापूरला आणलं. बावीस वर्षं त्यांच्या मेथी-सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यांत मी तणाची काडी टिकू दिली नाही. बायका म्हणायच्या, खुरपं पाहावं तर सुभद्राबाईंचं.

मग ते पिवळं संकट आलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या मंजुश्रीबाईंनी वाण म्हणून रोपं लुटली. सुभद्राबाईंच्या सुनेने, समीक्षाने, त्यातलं एक कौतुकाने मेथीच्या कडेला लावलं. चकचकीत पान, इवल्या सूर्यफुलासारखं फूल. सुभद्राबाईंना वाटलं, पिवळा माका असेल, केसांच्या तेलात घालायला होईल. कसला माका नि कसलं काय! याच्या पानाला दोन्ही बाजूंनी शिंगं फुटलेली असतात. नर्सरीवाले याला वेडेलिया म्हणतात. पण पान बघतं कोण? सगळे फुलावर भाळलेले.

पावसाळ्यात त्याने मेथीवर हातपाय पसरले. बाई मला घेऊन बसल्या आणि मी खचाखच कापलं. सांगायला लाज वाटते, पण तिथेच मी माती खाल्ली. त्याच्या पेरापेराला मुळं फुटतात. एका वेलाचे मी दहा तुकडे केले, त्यांची दहा रोपं झाली. बाईंनी मलाच दोष दिला, धार गेली म्हणून दोनदा दगडावर घासलं. समीक्षा म्हणाली, मुळासकट काढू. तर बाई म्हणाल्या, वाण आहे, उपटू नये! कापलेलं मात्र उकिरड्यात टाकायच्या, आणि तेच खत पुन्हा वाफ्यात. काय म्हणावं आता?

दिवाळीपर्यंत तीन वाफे गेले. बाजाराच्या दिवशी न्यायला जुड्याच नव्हत्या, बाई पहिल्यांदा घरी बसल्या. खत काढायला गेल्या, तर उकिरड्यावर तेच फूल डुलत होतं.

"हे तं मेलंच नाही वं समीक्षा," त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आता आधी वाफा भिजवायचा, मी फक्त टोकाने माती सैल करायची. बाई वेल अख्खा ओढतात, समीक्षा तुटलेलं पेरन् पेर गोणीत भरते. टिनाच्या पत्र्यावर कडकडीत वाळलं की चुलीत. दर आठ दिवसांनी पुन्हा तेच. वैताग आहे नुसता! पण वाफे सुटू लागले.

परवा हिवरा आश्रम गावाहून समीक्षाच्या आई, संजीवनीबाई आल्या. कुंपणाशी उरलेला ताटवा पाहून हरखल्या आणि एक फांदी मोडू लागल्या. मागितलेलं रोप बाईंनी जन्मात कुणाला नाकारलं नव्हतं, आणि ही तर विहीण. रुसली तर वर्षभर बोलणं ऐकावं लागणार. माझ्या मुठीवरची बाईंची बोटं घट्ट आवळली.

"विहीनबाई, हे मी तुमाले देत नाही. तुमच्या अंगणाचं वाटोळं होईन. मेथी न्या, पायजे तेवढी."

संजीवनीबाईंचं तोंड उतरलं. बाईंनी मात्र बाजारासाठी काढलेल्या पहिल्या जुड्या, सगळ्याच्या सगळ्या, त्यांच्या पिशवीत भरल्या.

मित्रांनो, कुणी फुलाचं रोप दिलं तर आधी पान आणि पेर पाहा. नको असेल तर तोंडावर नाही म्हणा. नंतर खुरप्यावर चिडून काय उपयोग?