मिरची, हळद आन् वाडीचा कूलर

मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे, मित्रांनो. मले लावलं का आधी घरघर आवाज येते, मंग हवा येते. तुम्ही हसान, पण या घराले माह्या घरघरीबिगर उन्हाळ्यात झोप येत नाही.

नागपुराजवळच्या वाडीतल्या एका टिनपत्र्याच्या दुकानात मले ठोकून बनवलं. देवाजीनं मले आपल्या ट्रकवरच घरी आणलं. तवा तो गोदामाचा माल वाहायचा. त्याची पोरगी नंदिनी नुकतीच जन्मली होती आन् नवतपा लागला होता. नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, जवा आमच्या नागपुरात रोडचं डांबर चपलेले चिकटते. त्याच्या बायकोनं, जयानं, पोरीले दूध पाजलं का देवाजी तिले खांद्यावर घ्यायचा, माह्यासमोर उभा राहायचा आन् पाठ थोपटायचा. ढेकर आला का म्हणायचा, "झालं. आता झोपते माही वाघीण."

पाहुणे माह्यापुढं जागा धरून बसायचे. "काय हवा हाय गा!" म्हणायचे. पावसाळा लागला का मले बारदान्यात गुंडाळून गच्चीवर टाकायचे, तिथं माह्यावर कबुतरं बसायची. वस्तूचं असंच असते. गरज सरली का गच्ची.

पोरगी मोठी झाली, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्स झाली. देवाजीची कंबर गेली, ट्रक सुटला, तो घरीच राहू लागला. आन् यंदा भर उन्हाळ्यात नंदिनी दोन डबे घेऊन आली. डब्यात कॉर्न स्नेकची पिल्लं. हा साप परदेशातला, विष नसलेला. हर्षा नावाच्या मैत्रिणीनं पाळलेले होते, त्याईची अंडी फुटली, तिनं दोन पिल्लं हिले देल्ली. केवढाली? पेन्सिलीपेक्षा बारीक. एक लालभडक, भिवापूरच्या मिरचीवानी. त्याचं नाव मिरची. दुसरं पिवळं, ते हळद.

"लोकं घरातून साप काढाले माणूस बोलावते, ही आणून राहिली!" जया ओरडली. "आन् त्याईच्या खाण्याले माह्या फ्रीजात मेलेली उंदराची पिल्लं? त्याच फ्रीजातल्या बर्फाचं मी सरबत करू?"

"माय वं, डबा वेगळा हाय ना."

"डबा वेगळा, फ्रीज तं एकच!"

देवाजी मात्र डब्यापाशीच बसला. "पोरी, दोघाईले वेगळं काहून ठेवलं? भाऊ-बहीण ना हे?"

"सोबत ठेवलं तं एकमेकाले खाऊ बी शकते, बाबा."

"म्हणजे आमच्या भाऊबंदावानीच," देवाजी म्हणे.

नंदिनीनं त्याले नीट समजावून सांगतलं. खोलीत कूलर चालू ठेवा, नाहीतर पिल्लं उन्हानंच मरतीन. पण कूलरची हवा सिधी डब्यावर नको, म्हणून डबे आतल्या भिंतीच्या फळीवरच राहू द्या. आन् पिल्लू जेवलं का दोन दिवस त्याले हात लावाचा नाही. देवाजीनं मान हलवली.

एका सकाळी नंदिनीनं बर्फातलं उंदराचं पिल्लू कोमट पाण्यात सोडून नरम केलं, चिमट्यानं मिरचीपुढं धरलं. मिरचीनं झडप घातली, गिळलं. पोटात गाठ दिसू लागली. नंदिनी ड्युटीवर गेली.

थोड्या वेळानं शेजारचे मनोहरराव आले. त्याईनं डब्यात पाह्यलं. "अबे देवाजी, पोट पाह्य याचं! फुटन ना!"

"जेवलं, पण ढेकर कोण काढन त्याचा? लेकरूच हाय ते," देवाजी म्हणे.

त्यानं मिरचीले उचललं, तळहातावर घेतलं, माह्यासमोर उभा राहिला आन् एका बोटानं तिची पाठ चोळू लागला. मित्रांनो, मी माही हवा फेकून राहिलो होतो. मले तेवढंच येते. मंग त्यानं डबा बी माह्यापुढं स्टुलावर आणून ठेवला. "नवतपा हाय. खाऊ दे लेकराले गार हवा."

संध्याकाळी नंदिनी आली तं डब्यात वास सुटला होता. अर्धवट पचलेला उंदीर बाहेर पडला होता.

"बाबा, उचललं होतं का तिले?"

"ढेकर काढाले..."

नंदिनी कपाळाले हात लावून खालीच बसली. "सापाचा ढेकर नाही काढत, बाबा. जेवण पचवाले त्याले ऊब लागते, आन् निवांतपणा. आता आठ-दहा दिवस तिले काहीच द्याचं नाही. पाणी फक्त. पोट आतून सोललं असन तिचं."

पण देवाजीच्यानं ते पाहवलं नाही. दुसऱ्या दिवशी घरात कोणी नव्हतं. "माह्या घरात कोणी उपाशी राहत नाही," असं पुटपुटत त्यानं फ्रीजातून उंदराचं पिल्लू काढलं, तेही मोठं पाहून. मिरचीनं ते घेतलं. देवाजी खुश झाला. "पाह्य, भूकच होती!"

ते बी बाहेर आलं. त्यानंतर मिरचीची मान उचलनाच. नंदिनी डबा छातीशी धरून जनावराच्या डॉक्टरकडं निघाली. रस्त्यातच गेली मिरची. बोटभर जीव तो.

त्या दिवशी घरात कोणी मले बंद करालेही उठलं नाही. टाकीतलं पाणी संपलं, मी कोरडी, गरम हवाच फेकत राहिलो.

"हळदीले परत देऊन टाक," देवाजी म्हणे. "माह्या हाताचा भरवसा नाही."

"मी दिवसभर दवाखान्यात राहते, बाबा. घरी तुम्हीच राहता. ती जगली तं तुमच्याच हातानं जगन. तिचं पुढचं जेवण तुम्ही द्या. जमलं तं ठेवू, नाही तं देऊन टाकू."

जेवणाचा दिवस आला. नंदिनी कामावर होती. देवाजीनं सगळ्यात बारीक उंदीर निवडला, नरम केला. चिमट्यानं हळदीपुढं धरला. हळदीनं वास घेतला, मान मागं घेतली, मंग पकडलं. पोटात गाठ दिसली. देवाजीचा हात आपोआप डब्यात गेला. मी पाहून राहिलो होतो, मित्रांनो. बोट तिच्या पाठीवर टेकणारच होतं.

त्यानं हात मागं घेतला आन् झाकण लावलं.

तेवढ्यात मनोहरराव दारात. "दे ना गा हातात जरा. आता तं एकच राहिलं."

"नाही."

"अबे, मी काय तिले खाऊन राहिलो?"

"जेवली हाय ती. दोन दिवसानं या." आन् देवाजी डब्यापुढं खाली बसला, दोन्ही हात काखेत दाबून.

संध्याकाळी नंदिनी आली. "खाल्लं?"

"खाल्लं."

"हात लावला?"

"नाही." नंदिनीनं डबा नाकाशी नेला. वास नव्हता. पुढचे दोन दिवस बी डबा साफ राहिला, आन् हळदीच्या पोटातली गाठ हळूहळू विरून गेली.

"राहू द्या मंग हिले इथंच," नंदिनी म्हणे. देवाजी तोंड धुवाले म्हणून बाहेर गेला, आन् लवकर आलाच नाही.

मित्रांनो, माही हवा चांगली हाय, सगळे म्हणते. पण ती मिरचीले मानवली नाही. मुका जीव घरी आणसान तं आधी त्याले काय मानवते ते विचारून घ्या, त्याच्यासाठी घर मंग सजवा. आन् हात शिवशिवले तं देवाजीवानी काखेत दाबून बसा.