नुसतं ‘ने’

बाबांच्या तोंडात आता एकच अक्षर उरलंय. ने. मेंदूला झटका आला त्या दिवसापासून पाणी हवं असलं तरी ने, उशी टोचली तरी ने, आणि मी खोलीत शिरले तरी माझ्याकडे बघून ने. ज्या माणसाने जन्मभर जहाजांवर स्वयंपाक केला, समोर बसलेल्याशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोलल्याशिवाय ताट पुढे केलं नाही, त्याची ही गत. मला वरच्याला जाब विचारावासा वाटतो, पण तो कुठली भाषा बोलतो कोण जाणे.

गंमत म्हणजे हे अक्षर आमच्या घरात जुनंच. बाबांच्या पहिल्या जहाजावर ग्रीक कप्तान होता. बाबांनी खुणेने विचारलं, आणखी वाढू? कप्तान म्हणाला, “ने.” बाबांनी मुकाट्याने त्याच्यासमोरची थाळी उचलून नेली. “एवढा मोठा माणूस, पण बोलायची रीत बघा,” ते आम्हाला सांगायचे. “नुसतं ने! न्या म्हणायला काय जीभ झिजत होती?” ग्रीकमध्ये ने म्हणजे होय हे त्यांना कळेपर्यंत कप्तान अर्धपोटी झोपला होता. पुढे क्रोएशियन मेकॅनिक आला. तो ने म्हणाला की बाबा शहाण्यासारखे आणखी एक पळी वाढायचे. त्याच्या भाषेत ने म्हणजे नाही. बिचारा खाऊन खाऊन फुगला. कोरियन रेडिओवाल्याचं परत होय, आणि जपानी पाहुणा तर आपल्या ‘ना’सारखं वाक्यावाक्याला ने जोडायचा. आम्ही हसून लोळायचो. आता त्या हसण्याचा मला राग येतो.

साखरेमुळे बाबांचा उजवा पाय बोटांपासून काळा पडत वर चढला होता. डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन म्हणाले, “गुडघ्याच्या वरून काढावा लागेल. नाही काढला तर विष अंगात भिनेल. काढला तरी हृदय किती साथ देईल, सांगता येत नाही. ते शुद्धीवर आहेत, त्यांची इच्छा विचारा.” म्हणजे त्यांनी हात झटकले.

दादा बाबांच्या कानाशी वाकला. “बाबा, पाय काढू द्यायचा ना?”

“ने,” बाबा म्हणाले.

“झालं. होय म्हणाले,” दादा म्हणाला. “सगळी उमेद ग्रीक मालकाच्या बोटींवर गेली त्यांची.”

आई ताडकन उठली. “ग्रीक कशाला बोलतील? घरात मराठी बोलणारे मेले का सगळे? मला सांगतायत ते. घरी ने म्हणतायत. तुम्हा सगळ्यांना असतं तर न्या म्हणाले असते. डॉक्टरांना तर नक्कीच.”

“आणि नाही म्हणत असतील तर?” मी विचारलं.

दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पायावर उठले होते.

मी शाळेत भाषा शिकवते. प्रश्न नीट विचारला की उत्तर नीट मिळतं, हा माझा खाक्या. मी दोघांना बाजूला केलं आणि बाबांचा चांगला हात धरला. “बाबा, पाय ठेवायचा?” ने. “पाय काढायचा?” ने. “घरी जायचं?” ने. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, “तुम्ही बाई आहात का?” ने. हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना कळलं होतं मी काय विचारलं ते. त्यांना सगळं कळत होतं, आणि मी त्यांची परीक्षा घेतली होती.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी नंतर सांगितलं, “त्यांना प्रत्येक वेळी वेगळंच म्हणायचं असतं हो. पण आत एकच दार उघडं राहिलंय. जे यायचं ते तिथूनच येतं.”

ते अक्षर म्हणजे निव्वळ आवाज आहे असं सांगितलं असतं, तर मला सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी नर्सने कागद आणला. दादाने पेन उघडलं, टोपण लावलं, परत उघडलं. “तूच कर,” तो म्हणाला. “तुझं अक्षर चांगलंय.” होय म्हणाले, होय म्हणाले करत आदल्या दिवशी वॉर्ड डोक्यावर घेणारा हा पठ्ठ्या. आई खिडकीबाहेर बघत बसली होती. मला बाबा हवे होते, कसेही, अर्धे का होईना. मी सही केली.

शस्त्रक्रियेनंतर त्यांना जाग आली तेव्हा आम्ही तिघंही खाटेशी होतो. त्यांचा हात चादरीवरून खाली सरकत गेला. मांडीपर्यंत आला. आणखी खाली गेला तेव्हा तिथे नुसतीच चादर होती. त्यांनी ती दोनदा चाचपली. मग मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

“ने.”

“बघ, बरं वाटतंय म्हणतायत,” दादा म्हणाला.

“घरी ने म्हणतायत,” आई म्हणाली. “अहो, नेते हं. लगेच नेते.” डॉक्टर इतक्यात सोडणार नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं.

मला मात्र फळ्यावरचा विभक्तीचा तक्ता दिसत होता. तृतीया. ने, ए, शी. कोणी केलं, याचं उत्तर देणारा प्रत्यय. हा कधी एकटा उभा राहत नाही, त्याच्या आधी कुणीतरी लागतंच. डॉक्टरने. मुलाने. ‘मी’ला तो लागत नाही, हे मी मुलांना दरवर्षी बजावते. मी केलं म्हणायचं, मीने नाही. व्याकरणात माझी अशी सुटका आहे. पण बाबा मला मी कशाला म्हणतील?

ते माझ्याकडेच बघत होते. आधीचा शब्द गिळून टाकल्यासारखे त्यांचे ओठ हलत होते. मला राहवलं नाही. मी जवळ गेले.

“मुलीने ना, बाबा?” मी विचारलं. “मुलीने कापला, असंच म्हणताय ना?”

“ने,” बाबा म्हणाले.