दुसऱ्या थपडेचा खटला

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात डास मारतानाही आधी डोळे मिटून घेतले, त्याच्यावर मारहाणीचा खटला भरला गेला. आता याला काय म्हणावं? बायको म्हणाली, "आधी जेवून घ्या." पण त्यानं ताट बाजूला सारलं. कोर्टाचं समन्स समोरच टेबलावर पडलं होतं आणि त्यात त्याच्या नावापुढे 'आरोपी' असं छापलं होतं.

हा माणूस पाणीपुरवठा खात्यात घरोघरचे मीटर वाचायचा, म्हणून सासरी त्याचं नावच पडलं होतं 'मीटर'. नाव ठेवणारे होते त्याचे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळे त्यांना अण्णा म्हणत. बाजारपेठेत त्यांचं सोफ्यांचं भलंमोठं दुकान होतं आणि ते स्वतःही अंगानं त्या सोफ्यांच्याच जातीतले होते. फिर्याद ठोकली होती ती याच अण्णांनी.

झालं होतं असं, की वसाहतीतल्या हौशी मंडळींनी स्पर्धेसाठी एक नाटक बसवलं. अण्णा जमीनदार, मीटर त्यांचा नोकर. शेवटच्या अंकात नोकर चिडतो आणि धन्याच्या थोबाडीत देतो. थप्पड अर्थातच खोटी. हात नाकासमोरून फिरवायचा आणि त्याच वेळी आत विंगेत प्रॉम्प्टरनं दोन फळ्या एकमेकींवर आपटायच्या. तालमीत अण्णांनी मीटरला बजावून ठेवलं होतं, "हात चार बोटं लांब! माझ्या गालाला लागला, तर गाठ माझ्याशी आहे."

तालमीत सगळं सुरळीत झालं. प्रयोगाच्या दिवशी मात्र अण्णांना पदरचं वाक्य घालायची हुक्की आली. भरल्या नाट्यगृहात खुर्चीत बसल्या बसल्या नोकराकडे बोट दाखवून ते म्हणाले, "अरे, तुझ्या बायकोनं तुला काय बघून पत्करलं?"

नाटकातल्या नोकराचं लग्नच झालेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण हे वाक्य अण्णांचं नेहमीचं होतं. सासरच्या प्रत्येक पंगतीत ते हे वाक्य टाकत, सगळे हसत, मीटरही हसे आणि त्याची बायको पाणी आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात निघून जाई. त्या दिवशी ती तिसऱ्या रांगेत बसली होती आणि तिथे उठून जायला स्वयंपाकघर नव्हतं. लोक खो खो हसले. मीटरनं ते हसणं ऐकलं, मान खाली घातलेल्या बायकोकडे पाहिलं आणि मग ती चार बोटं गेली कुठल्या कुठे.

थप्पड अशी बसली, की फळ्या आपटायचं भान प्रॉम्प्टरला उरलं नाही. मग मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" आणि मीटरनं दुसरी दिली.

अण्णा खुर्चीसकट आडवे झाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि पडदा पडला तो टाळ्यांच्या कडकडाटात. परीक्षकांनी सर्वोत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस अण्णांनाच दिलं. असं जिवंत कोसळणं आम्ही पाहिलेलं नाही, असं ते म्हणाले. अण्णांनी चषक दुकानाच्या काचेत मांडला आणि दोन-चार दिवस मिरवले. पण पुढे बाजारातली पोरं त्यांना पाहिलं की 'वन्स मोअर' म्हणून ओरडायला लागली. सोफा बघायला आलेलं एक गिऱ्हाईकही दाराशी वळून तेच म्हणालं, तेव्हा अण्णा दुकान तसंच टाकून पोलीस ठाण्यात गेले.

खात्यातल्या साहेबांनी मीटरला बोलावून सांगितलं, की निर्दोष सुटलात तर ठीक, शिक्षा झाली तर नोकरी जाणार. साहेब तसे मायाळू, म्हणून सांगताना त्यांनी चहा पाजला.

वकीलबाईंची कचेरी टायर दुरुस्तीच्या दुकानावर होती. खाली हवेचा फुस्सकारा निघाला की वर मीटर दचकायचा.

"काय घडलं ते सांगा," बाई म्हणाल्या.

"चुकून लागली."

"दोन्ही?"

मीटर खिडकीतून खालचे टायर मोजायला लागला.

"पहिली चुकून लागू शकते," बाई म्हणाल्या. "दुसरी चुकून लागायला माणूस फारच विसरभोळा लागतो. हे बघा, कोर्ट दोन गोष्टी विचारतं. हात लागला का, आणि तो लागावा असं तुमच्या मनात होतं का."

"आणि लोकांनी वन्स मोअर दिला होता, ते?"

"गाल लोकांचा नव्हता ना! ज्याचा गाल, त्याची संमती. तुमच्या साडूंनी संमती दिली होती ती नाटकातल्या थपडेला, खऱ्या थपडेला नव्हे. आता 'मी मारलंच नाही', 'मारलं पण चुकून' आणि 'मारलं पण त्यांच्या मर्जीनं' ही तिन्ही सोंगं एकदम घेतलीत, तर थेट आत जाल." बाईंनी जरा विचार केला. "तुमच्या साडूंना जगात सगळ्यात प्रिय काय?"

"सोफे," मीटर म्हणाला. मग त्याचं त्यालाच ते पटेना. "नाही. टाळ्या."

बाई पहिल्यांदाच हसल्या. "मग कोर्टात तुम्ही तोंड उघडायचं नाही. आरोपीनं बोललंच पाहिजे असा कायदा नाही. गप्प बसणं जमेल ना?"

"सासरी इतकी वर्षं तेच तर करतोय."

घरी मात्र गप्प बसणं अवघड होतं. दोघी बहिणींचं बोलणं बंद पडलं होतं आणि बायकोनं एकच प्रश्न लावून धरला होता. "अहो, खरंच मारलीत, की नुसती लागली?"

"वकीलबाईंनी कोणाशी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय."

"मी 'कोणी' आहे का?" असं म्हणून ती पाठ फिरवायची. तिला काय ऐकायचं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बोललं आणि फुटलं, तर नोकरी जाणार होती. तो मुकाट्यानं भात कालवत राहायचा.

खटल्याच्या दिवशी पहिला साक्षीदार प्रॉम्प्टर. त्याचा जन्म विंगेत गेलेला. सरकारी वकील प्रश्न विचारताना जरा अडले, की हा पिंजऱ्यातून हळूच पुढचा शब्द पुरवायचा. न्यायाधीशांनी दोनदा तंबी दिली. तिसऱ्यांदा त्यांचंच वाक्य अडलं आणि यानं तेही पुरं करून दिलं, तेव्हा त्याला खाली उतरवण्यात आलं. फळ्या वाजल्या नाहीत, एवढंच काय ते त्याच्याकडून निष्पन्न झालं. पण फळ्या वाजल्या नाहीत तर आवाज कशाचा, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मग अण्णा उभे राहिले. नवा कोट, भरदार आवाज. थपडा कशा जोरात बसल्या, गाल कसा सुजला, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. वकीलबाई उलटतपासणीला उठल्या त्या हात जोडूनच.

"सर्वोत्कृष्ट अभिनेता आपणच ना?"

"हो, मीच," अण्णा म्हणाले आणि कॉलर सारखी केली.

"बक्षीस कुठल्या प्रसंगासाठी?"

"कोसळण्याच्या. परीक्षक म्हणाले, असं जिवंत कोसळणं त्यांनी पाहिलेलं नाही."

"आणि डोळ्यांतलं पाणी?"

"त्यालाही दाद मिळाली."

"मग आता एवढंच सांगा," बाई अगदी लोण्यासारख्या मऊ आवाजात म्हणाल्या. "तो अभिनय होता, की मार लागला म्हणून आपण पडलात आणि रडलात? मार लागून पडला असाल, तर प्रश्नच मिटला. तसं कोणीही पडेल."

अण्णांनी बाकांकडे पाहिलं. सरकारी वकील डोळ्यांनी खुणावून थकले. बाकांवर अर्धी वसाहत बसली होती, नाटक मंडळी बसली होती आणि सगळ्यांचे डोळे अण्णांवर होते. असा भरलेला प्रेक्षकवर्ग समोर असताना ते खोटं बोलले नसते तरच नवल.

"अभिनय होता," अण्णा छाती काढून म्हणाले. "संपूर्ण अभिनय. याच्या हातात कसलं आलंय बळ!"

बाकांवर हशा पिकला. मीटरनं बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला होता. त्याला वाटलं, उठावं आणि ओरडून सांगावं, की खोटं आहे, खरी मारली, दोन्ही खऱ्या मारल्या. इतक्यात न्यायाधीशांनी विचारलंच, "आरोपीला काही सांगायचं आहे?" तो उठला. वकीलबाईंनी टेबलाखालून त्याच्या पायावर टाच ठेवली आणि दाबली.

"नाही, साहेब," मीटर म्हणाला.

कोसळणं आणि रडणं हा अभिनय होता असं फिर्यादीच म्हणतो, तर मार लागल्याचं धरता येत नाही, असं सांगून न्यायाधीशांनी निकाल दिला: निर्दोष. नोकरी वाचली. नाटक मंडळींनी हात मिळवले, वकीलबाईंनी पाठ थोपटली. पण मीटर पडेल चेहऱ्यानं व्हरांड्यात येऊन उभा राहिला. साऱ्या जन्मात एक काम मनापासून केलं, तेही कोर्टानं नाटकात जमा केलं होतं. ते वाक्य मात्र तसंच शिल्लक राहिलं. पुढच्या पंगतीत अण्णा ते पुन्हा टाकणार आणि आपण पुन्हा हसणार, या विचारानं त्याला रडू यायला लागलं.

"मीटर, जरा इकडे ये." पाण्याच्या नळापाशी अण्णा एकटेच उभे होते. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खालीही येतो, हे मीटरला त्या दिवशी कळलं.

"लागली होती," अण्णा म्हणाले.

मीटरनं त्यांच्या गालाकडे पाहिलं.

"फार लागली. या बाजूनं अजून नीट चावता येत नाही." त्यांनी गाल चोळला. "पहिली का बसली ते मला तिथल्या तिथे कळलं. वाक्य तोंडातून गेलं आणि तुझ्या बायकोकडे माझंही लक्ष गेलं. दुसरी का मारलीस? लोकांनी मागितली म्हणून?"

"नाही," मीटर म्हणाला. "पहिली तिच्यासाठी होती. दुसरी मला मारायची होती."

अण्णांनी नळ सोडून तोंडावर पाणी मारलं. "बरं," ते म्हणाले. "ते वाक्य बंद." आणि ते ताठ मानेनं आपल्या माणसांत निघून गेले.

बायको जिन्यात थांबली होती. "काय म्हणत होते भाऊजी?"

"लागली म्हणाले."

"मग आत म्हणाले ते?"

"ते नाटक होतं," मीटर म्हणाला. "मी खरीच मारली. दोन्ही."

एवढ्या माणसांसमोर तिनं त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला, उलटा करून तळवा नीट पाहिला आणि तो तसाच घट्ट धरून जिना उतरायला लागली.