गोळीवरून निवाडा

"झाक गं तो पाय, पाहुणे आलेत!"

आजीचं हे ओरडणं भाग्यश्रीच्या कानात लहानपणापासून बसलेलं. ब्रह्मपुरीकडच्या त्या गावात तिची आत्या ओसरीच्या कोपऱ्यात तांदूळ निवडत बसायची. जवळ कुणी नसलं की गुणगुणायची,

पाऊल उचलेना बाई, उंबरा झाला गं डोंगर
सासरच्या वाटेवरती माझ्या नजरेचं घर

आत्याला हत्तीपाय होता. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं, ते कायमचं.

म्हणून येरवड्याला सासरी आल्यावर स्वतःचा डावा पाय सुजू लागला, मधूनच थंडीताप भरू लागला, तेव्हा भाग्यश्रीनं आधी काय केलं, तर घेरदार सलवारी शिवून घेतल्या. हडपसरच्या आयटी कंपनीत दिवसभर खुर्चीत बसून पाय सुजतात, असं ती नवऱ्याला सांगायची. अभयही त्याच क्षेत्रातला. त्याला ते पटायचं.

शेवटी ती गुपचूप डॉक्टर नीरजाबाईंकडे गेली. रक्त तपासून डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. आलेली सूज पुरती उतरेल असं वचन देता येत नाही, पण रोग इथंच थोपवता येईल. पाय रोज साबणानं धुवायचा, कोरडा करायचा, आणि ही गोळी काही आठवडे न चुकता घ्यायची. गोळी जुनीच होती, डॉक्सीसायक्लीन. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातही मिळणारी.

त्या गोळ्यांची पट्टी अभयला तिच्या ऑफिसच्या बॅगेत सापडली. दुसऱ्या कुणी बायकोला विचारलं असतं. अभयला मात्र अडलेलं सगळं संगणकाला विचारायची सवय. त्यानं गोळीचं नाव टाईप केलं. पडद्यावर बरंच काही आलं, पण त्याचे डोळे एकाच शब्दावर खिळले. गुप्तरोग.

त्या दिवसापासून त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत गेलं. कंपनीच्या कॅबमध्ये शेजारी कोण बसतं, घरी यायला उशीर का होतो, अशी उलटतपासणी सुरू झाली. एके दिवशी त्यानं पट्टी कचऱ्यात टाकली आणि विचारलं, "कोण आहे तो?"

एका शब्दानं तिची सुटका होती. पण तो शब्द उच्चारला, की पुढं ओसरीचा कोपरा होता. इकडं कलंक, तिकडं कोपरा. बाईनं कुठलं मरण निवडावं? ती गप्प राहिली, आणि अभयला ती कबुली वाटली. त्यानं सासऱ्यांना फोन केला, मुलीला घेऊन जा म्हणाला. ते गाडीत बसलेही.

बॅग भरता भरता भाग्यश्रीला ताप भरला. अभयची आई, इंदुबाई, विहारातून घरी आल्या, तेव्हा सून बॅगेशेजारीच कुडकुडत पडलेली. कपाळाला हात लावून त्या मुलाला म्हणाल्या, "धाडायची तर धाड. पण फणफणलेलं जनावरसुद्धा कुणी गाडीत चढवत नाही. ऊठ, रिक्षा आण."

दवाखान्यात अभयनं दम धरला नाही. "हिला डॉक्सी कशासाठी दिलीत, ते माझ्यासमोर सांगा. मी वाचलंय सगळं."

"वाचलंत? मग इथं कशाला आणलंत? तपासूनही तिथंच घ्यायचं," डॉक्टर कोरडेपणानं म्हणाल्या. "पेशंटचा आजार पेशंटनं सांगायचा. मी फक्त गोळीबद्दल बोलेन." मग त्या इंदुबाईंकडे वळल्या. "मावशी, हळद कशाला वापरता?"

"भाजीला. कापलं-खुपलं तर जखमेवर. नवरीलाही लावतो."

"मग कुणाच्या घरी हळदीचा डबा दिसला, तर जखम कुणाला झाली, कशी झाली, असा पंचनामा करता का?"

इंदुबाईंनी मुलाकडे पाहिलं. डॉक्टर समजावू लागल्या. हीच गोळी मुरुमांवर देतात, हिवताप होऊ नये म्हणूनही देतात. आता तिचं आणखी एक काम कळलंय. माणसाच्या अंगात शिरून राहणारी एक कृमी असते, आणि त्या कृमीच्या आत एक जीवाणू असतो. गोळी जीवाणूला मारते, मग त्याच्या जिवावर जगणारी कृमी वांझ होते, हळूहळू संपते. नवं औषध निघायला वर्षानुवर्षं लागतात. तोवर जुन्याच औषधानं माणूस वाचत असेल, तर का वाचवू नये?

"आणि गुप्तरोग असता, तरी तो रोगच," त्या म्हणाल्या. "त्यालाही औषध लागतं, शिक्षा नाही."

मित्रहो, औषधाला चारित्र्य नसतं. एक गोळी दहा आजारांवर चालते. तिच्या नावावरून माणसाचा निवाडा करणारे आपण कोण? आणि ज्या घरात आजाराचं नाव घ्यायची भीती वाटते, तिथं चांगलं औषधही कचऱ्यात जातं.

अभयची मान खाली गेली होती. तो बायकोच्या खाटेशी आला. "तुला काय होतंय?" त्यानं विचारलं. इतक्या दिवसांत हे एवढंच त्यानं विचारलं नव्हतं.

भाग्यश्रीनं सलवारीची कड वर घेतली.

"मला हत्तीपाय आहे, अभय," ती म्हणाली. "तू सोडून देशील, म्हणून बोलले नाही."