बाबांच्या डोक्यावरची शिंगं

केंड्राच्या घरात पाऊल टाकलं की लोर्ना नाकाला रुमाल लावायची. दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्या, त्यात ओल्या कुत्र्याचा वास. शी! सणासुदीचा ताण आला की दीर्घ श्वास घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. कसला डोंबलाचा श्वास घेता!

केंड्रा ही तिच्या धाकट्या भावाची, गॅरीची बायको. नाताळला सगळ्यांनी एकसारखे लाल-हिरवे पायजमे चढवायचे, फोटो काढायचा आणि तो ओळखीपाळखीच्या प्रत्येक घरी धाडायचा, हा तिचा नेम. लोर्ना मुकाट्याने सोसायची. बाबांना वृद्धाश्रमातून या एका दिवशी बाहेर आणायचं तर गॅरीची परवानगी लागायची, आणि गॅरी बायकोच्या ओंजळीने पाणी पिणारा.

"यंदा खरी धमाल!" म्हणत केंड्राने बाबांच्या डोक्यावर नाताळच्या गोष्टीतल्या लाल नाकाच्या हरणासारखी कापडी शिंगं बसवली, नाकावर लाल गोळा चिकटवला. ओहायोच्या हिवाळ्यात जन्मभर रस्त्यांवरचा बर्फ उपसणारा माणूस तो. हल्ली त्यांना फारसं काही आठवत नसे. ते खुर्चीत आक्रसून बसले. सगळे खिदळले. गॅरीसुद्धा!

"हसा की बाबा! आमचं हरीण ना तुम्ही?" केंड्रा लाडात आली.

बाबांनी लोर्नाकडे पाहिलं. "पोरी, माझं काय चुकलं गं?"

लोर्नाला शिसारी आली. केंड्राची आली, गॅरीची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची, कारण तीही तोच मेला पायजमा घालून उभी होती. तिने शिंगं उपटून फेकली. नाकावरचा गोळा मात्र अलगद काढला.

"अगं, एक फोटो तर होऊ दे! दर सणाला तुझं काहीतरी असतंच."

"लाजा कशा वाटत नाहीत तुम्हाला?"

"मग पुढच्या वर्षी येऊच नकोस! गॅरी, सांग हिला."

गॅरी जमिनीकडे बघत पुटपुटला, "ताई, तुझंही जरा अतीच होतं. पुढच्या वर्षी बाबांना नकोच आणायला."

लोर्नाने बाबांना कोट घातला आणि हाताला धरून बाहेर काढलं.

तिने गाडी वृद्धाश्रमाच्या रस्त्याला लावली. बाबांना बाहेर आणायचा वर्षातला हा एक दिवसही आता गेला. बाबा खिडकीतून दिव्यांची तोरणं बघत होते.

"आज काय आहे गं?"

"काही नाही, बाबा. गुरुवार."

बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं. मला वाटलं, नाताळच आला."