क्ष ते ज्ञचा खण

"चाळीस," ठकी म्हणाली.

"पुन्हा एकदा मोजा ना, ताई."

"तीनदा मोजली, बाई. आता काय पिल्लं होणार आहेत का त्यांना?"

पोषणशास्त्राच्या बाई एरवी हसल्या असत्या. आज नुसत्याच ग्रंथालयातल्या, पुस्तकांच्या सूचीच्या कपाटाला टेकून उभ्या राहिल्या आणि कपाटावर लावलेल्या फलकाकडे बघू लागल्या. हातभर लांब फलक, ठसठशीत निळी अक्षरं: 'कोणीही उपाशी राहू नये. गरजू विद्यार्थ्यांनी येथून जेवणाचे कार्ड घ्यावे.' तीन आठवड्यांपूर्वी ठकीनेच स्टुलावर चढून तो लावला होता. बाई खालून "जरा डावीकडे, अजून जरा" करत होत्या. फलक अगदी सरळ लागला होता. त्या दिवशी खणात ठेवलेली चाळीस कार्डं मात्र जागची हलली नव्हती.

"शुक्रवारी बैठक," बाई म्हणाल्या. "अकरा विद्यापीठं पडद्यावर असणार. आपल्याकडे महिनाभर चाललं, तर ती आपापल्याकडे सुरू करणार. दीड वर्ष एकेकाच्या दाराशी खेटे घातलेत मी. आणि कुलसचिव काय म्हणाले माहितेय? 'चाळीसची चाळीस शिल्लक? म्हणजे आपल्याकडे भूकच नाही. चांगलीच बातमी आहे की!'"

"त्यांना नसेल," ठकी म्हणाली.

"शुक्रवारीही असंच राहिलं तर योजना बंद, आणि हे कपाट भंगारात. इथे म्हणे तीन संगणक मावतात."

ठकीने खण आत ढकलला. तो असा करकरला, की लांबच्या टेबलावर वाचत बसलेल्या दोघांनी माना वर केल्या.

कपाट ग्रंथालयाचं असलं तरी हा खण तिच्या वडिलांचा होता. बाबा वसतिगृहाच्या खानावळीत कार्डं देणारे कारकून. कोणी घरी जाई, कोणी आजारी पडे, कोणाला मित्र बाहेर जेवायला नेई. वापरायचं राहिलेलं कार्ड मुलं खिडकीतल्या डब्यात टाकत. नियमाप्रमाणे ती फाडून टाकायची. बाबांनी ती कधी फाडली नाहीत. जुन्या ग्रंथपालांच्या कानावर घालून त्यांनी सूचीच्या कपाटातला शेवटचा खण मागून घेतला, 'क्ष ते ज्ञ'. त्या अक्षरांनी सुरू होणारी पुस्तकं असून असून किती असणार! खण जवळजवळ रिकामाच होता. आणि त्या काळी सूचीच्या खणात हात घालणाऱ्याकडे कोण कशाला बघेल? जो तो पुस्तकच शोधत असणार. ज्याला कळायचं त्याला ते कळत गेलं. फलक नाही, यादी नाही, अर्ज नाही. वीस वर्षांवर हे चाललं.

दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले. निवृत्तीला सात महिने उरले होते. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले, ते उठलेच नाहीत. पुढच्या आठवड्यात ठकीने त्यांचं खानावळीतलं टेबल रिकामं केलं. चष्म्याचं घर, दोन पेन्सिली, आणि एक मेणबत्तीचं थोटूक. खानावळीत दिवे कधी जात नसत. थोटूक कशाला, ते कोणालाच सांगता आलं नाही. तिने ते आपल्या टेबलावर, पेनांच्या पेल्यात टाकून ठेवलं होतं.

बाईंचं म्हणणं असं, की एवढी मोठी गोष्ट एका माणसाच्या चांगुलपणावर टांगलेली राहता कामा नये. माणूस गेला की गोष्टही जाते. बारा विद्यापीठांनी एकत्र यावं, एकमेकांना धरून राहावं, कोणाकडे कमी पडलं तर दुसऱ्याने भर घालावी. त्यांना या जाळ्याला बाबांचं नाव द्यायचं होतं. ठकीने "नको" म्हटलं होतं, तेही इतक्या घाईने, की बाई जरा चमकल्याच.

कारण तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी ती ग्रंथालयात नोकरीला लागली. त्याच वर्षी संगणक आले आणि सूचीच्या कपाटाकडे कोणी फिरकेनासं झालं. पहिल्याच महिन्यात, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, तिच्या सख्ख्या बापाने 'क्ष ते ज्ञ'चा खण उघडला, एक कार्ड काढलं, शर्टाच्या खिशात घातलं आणि तो जेवायला गेला. आईने भल्या पहाटे उठून करून दिलेला डबा असताना! मग रोज तेच. खानावळीत बसायचे ते कोपऱ्यात, रांगेकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. वाटत असेल लाज, असं ठकीने स्वतःला समजावलं.

एका संध्याकाळी मात्र तिच्याच्याने राहवलं नाही. "बाबा, ती कार्डं भुकेल्यांसाठी आहेत ना? तुम्हाला तर डबा असतो."

"असतो ना," बाबा म्हणाले. "छान असतो."

"मग? फुकट ते पौष्टिक?"

बाबा तिच्याकडे बघून थोडंसं हसले आणि बुटांना पॉलिश करत राहिले. त्यानंतर ठकी दुपारी कधी खानावळीत गेली नाही. मागच्या खोलीत, नोंदवह्यांच्या सोबतीने जेवत राहिली. बोलणं-चालणं, सणवार, दुखणीखुपणी सगळं नीट झालं. तो एक शब्द मात्र परत घ्यायचा राहून गेला.

बाईंशी हे बोलणं झालं त्याच सोमवारी, सोळा वर्षांनी, ती दुपारच्या जेवणाच्या वेळी खानावळीत गेली. जेवायला नव्हे; दोन महिन्यांत तिला धड भूक लागलीच नव्हती. खानावळीच्या मावशींना विचारायचं होतं, की मुलं खरंच येत नाहीत का. मावशी म्हणजे खानावळीच्या मुख्य आचारीण. आवाज असा, की कुकरची शिट्टी लाजेल.

"येतात की!" मावशी हातातला डाव नाचवत म्हणाल्या. "पण कशी? दोघींत एक ताट घेतात. एक म्हणते, 'मावशी, माझं पोट दुखतंय, मी नुसती बसते.' रोज बरं दुखतं पोट! एकजण तर नुसतं पाणी पिऊन, तोंड पुसत बाहेर जातो, जेवल्यासारखा. मी काय आंधळी आहे?"

"मग खणातलं कार्ड का नाही घेत?"

"वर पाटी लावलीय ना तुम्ही, 'या हो या, भुके कंगाल या'! त्या पाटीखाली तू तरी हात घालशील का गं?"

मावशींनी तिला बाकावर बसवलं आणि स्वतः समोर बसल्या.

"तुझ्या बापाने असला वेडेपणा कधी केला नसता. रोज सकाळी काय करायचा, ठाऊक आहे? माझ्यादेखत पैसे भरून स्वतःचं कार्ड घ्यायचा, तुझ्या खणात नेऊन टाकायचा. दुपारी सगळ्यांसमोर तिथूनच काढायचा. एक घालायचं, एक काढायचं. मी म्हटलं, 'अहो, घरचा डबा असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला?' तर म्हणाले, 'आता त्या कपाटाकडे पुस्तक बघायला कोणी जात नाही. जो जाईल तो भुकेला, हे आंधळ्यालाही कळेल. मग निदान मी तरी जातो. कारकून घेतो, म्हटल्यावर पोरांना काय वाटायचंय?'"

ठकी बाकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. लाकडात कोणीतरी कर्कटकाने एक मासा कोरला होता.

"आणि डबा?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

मावशी पहिल्यांदाच जरा ओशाळल्या. "डबा मी खायचे. चारशे माणसांचं रांधल्यावर स्वतःच्या हातचं घशाखाली उतरतं का? सोळा वर्षं तुझ्या आईच्या हातचं खाल्लंय मी. आईला सांगू नको हं."

ठकीला हसू आलं, आणि मग ते हसू भलतीकडेच वळलं. मावशींनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि त्या भांड्यांवर ओरडायला निघून गेल्या. आत भांड्यांपाशी कोणीच नव्हतं.

बाईंना तिने त्याच दुपारी सगळं सांगितलं. तो शब्दसुद्धा सांगितला. ऐकता ऐकता बाई खुर्चीत हळूहळू मागे टेकल्या.

"मी बघायचे त्यांना," त्या म्हणाल्या. "इथेच शिकत होते मी तेव्हा. दोन वर्षं त्या खणावर जेवलेय, ताई. पहिले आठ दिवस नुसती कपाटाभोवती घिरट्या घालत होते. मग एकदा ते आले, कार्ड काढलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, बिचाऱ्यांची घरी ओढाताण असेल. खानावळीच्या माणसाची ही गत, तर मला कसली लाज? म्हणून धीर झाला." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "आणि मी मोठी पोषणशास्त्राची बाई होऊन आले आणि वर पाटी ठोकली."

"ठोकली मी," ठकी म्हणाली. "तुम्ही नुसतं डावी-उजवी सांगत होतात."

आता मात्र बाई हसल्या. मग म्हणाल्या, "पण ताई, हक्काचं अन्न आहे हे. लपूनछपून का घ्यायचं? उजळ माथ्याने घ्यायला हवं, असं मला वाटलं होतं."

"लपवायचं नाहीच. सगळ्यांनी घ्यायचं. मी, तुम्ही, झाडूवाल्या काकू, दरवान. सकाळी एक घालायचं, दुपारी एक काढायचं. आणि कोणी विचारलं तर सांगायचं, आमच्याकडे अशीच पद्धत आहे."

मंगळवारी सकाळी फलक उतरला. ठकीने खण बाहेर ओढला, तो नेहमीसारखा करकरला, आणि तिची नजर पेनांच्या पेल्याकडे गेली. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग तिने थोटूक घेतलं आणि खणाच्या दोन्ही कडांवर, खालच्या पट्ट्यांवर सावकाश घासलं. खण मिटला, उघडला, मिटला. लोण्यातून सुरी जावी तसा.

दुपारी बारा वाजता बाई आल्या. सगळ्यांच्या देखत खण उघडला, कार्ड काढलं, गेल्या. मग दरवान. मग झाडूवाल्या काकू, "मला मेलीला हे नाटक जमायचं नाही" असं तीनदा म्हणून झाल्यावर. बुधवारी खुद्द कुलसचिव चौकशीला आले. बाईंनी सकाळीच त्यांच्याही वाटचं एक कार्ड खणात घालून ठेवलं होतं.

"मी घेऊ? मी?" ते म्हणाले.

"घ्या की, साहेब. सगळेच घेतात."

साहेबांनी जरा इकडेतिकडे बघून कार्ड घेतलं, रांगेत उभे राहिले आणि जेवून आल्यावर भाजीत मीठ कमी असल्याचं सांगून गेले. मावशींनी ते ऐकलं नाही, हे साहेबांचं नशीब.

घालणाऱ्यांनी घातलेली आणि काढलेली कार्डं वजा जाता, मंगळवारी संध्याकाळी खणात अडतीस उरली होती. बुधवारी एकतीस. गुरुवारी सतरा. घेणारे कोण, हे ठकीला माहीत नव्हतं. तिने आपली खुर्ची फिरवून कपाटाकडे पाठ केली होती, आणि खणाचा आवाज होत नव्हता.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाला बसताना तिने आईला डब्याचं सांगून टाकलं. आईने ऐकून घेतलं. आमटी वाढता वाढता म्हणाली, "मला संशय होताच. डबा लख्ख घासून यायचा. ह्यांनी जन्मात कधी भांडं घासलं नाही."

"राग नाही आला?"

"राग कसला? सोळा वर्षं मी रोज विचारायची, डबा कसा होता. तर म्हणायचे, 'खाणारा खूष होता.' खोटं काही बोलले नाहीत." तिने आमटीचं पातेलं झाकलं. "त्यांना तिखट चालतं का गं, त्या मावशींना? उद्या नेशील?"

शुक्रवारी अकराला बैठक सुरू झाली. पडद्यावर अकरा चौकटी, अकरा चेहरे. एकाने लाभार्थ्यांची यादी मागितली. बाई म्हणाल्या, "यादी नाही. करणारही नाही. ज्यांना यादी हवी आहे, त्यांनी आमच्याबरोबर येऊ नये." ठकी शेजारी बसली होती. मग वरच्या कोपऱ्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी घसा खाकरला.

"आमच्याकडे असं कपाट नाही," ते म्हणाले. "वसतिगृहाच्या चाव्यांची एक जुनी पेटी आहे. ती चालेल का?"

"करकरते का?" ठकीच्या तोंडून निघून गेलं.

"चांगलीच."

"मग मेणबत्ती घासा. आणि आधी स्वतः घ्या."

गृहस्थांनी ते लिहून घेतलं. दुसऱ्या चौकटीतल्या बाईंनीही लिहून घेतलं. साडेबारापर्यंत अकरांपैकी नऊ जणांनी होकार दिला, दोघांनी विचार करून कळवतो म्हटलं. कुलसचिव म्हणाले, कपाटाचं पुढे बघू. त्यांच्या भाषेत याचा अर्थ कपाट राहिलं, असा होता.

बाई तिचा हात घट्ट धरून म्हणाल्या, "आता तरी नाव देऊ या?"

ठकीने मान हलवली. "त्यांना आवडलं नसतं. पाटी झाली ना मग."

पाऊण वाजता ती कपाटाशी गेली. सकाळी तिने स्वतःचं कार्ड घातलं होतं, ते काढून जेवायला जायचं होतं. खण उघडला. तिने आतपर्यंत हात घातला, कोपरे चाचपले. बोटांना लाकूड लागलं, जरासं मेण लागलं, आणखी काही नाही. तिचंही कार्ड कोणीतरी नेलं होतं.

ती तशीच उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला सपाटून भूक लागली आहे.

आईने मावशींसाठी दिलेला डबा घेऊन ती खानावळीत गेली, तर रांग दारापर्यंत आली होती. "कार्ड?" मावशींनी लांबूनच ओरडून विचारलं.

"नाही मिळालं," ठकी म्हणाली. "संपली."

मावशींचा डाव हवेत तसाच राहिला. मग त्यांनी नाक ओढलं, हात पुसले आणि म्हणाल्या, "मग आण इकडे तो डबा. अर्धा तुझा, अर्धा माझा."

कोपऱ्यातलं ते टेबल रिकामं होतं. ठकी भिंतीकडे तोंड करून बसली. डबा उघडल्याबरोबर आईच्या फोडणीचा वास आला. मागून रांग सरकत होती, पावलं येत होती, कार्डं रांगेपुढच्या पेटीत पडत होती, एकामागून एक, सगळी सारखी. पहिला घास घेताना तिने मान वळवली नाही.